निशाणी डावा अंगठा

उमरी, जि. नांदेड
ता. ५ जानेवारी १९८३

पहिलवान विरूपाक्ष यांना नीलम्माचा शरणार्थ.

तुमचं कार्ड शाळेच्या पत्त्यावर पोचलं. वाचायला मला तास लागला हो! अक्षर आहे का कोंबडी चालून गेली? माझ्या पहिलीतली लेकरं याहून बरं गिरवतात. चालत्या एस.टी.त बसून लिहिलं असेल तर तसं सांगा, नाहीतर पाटी-पेन्सिल पाठवून देते.

चेष्टा सोडा. पण अक्षर बघून मन खट्टू झालं. दोन वर्षांखाली तुम्ही कुस्ती सोडून आमच्या उमरीत पोरांना शिकवायला आलात, तेव्हा हेडमास्तरांनी शाळेच्या भेटवहीत तुमची सही घेतली होती. "विरूपाक्ष नागप्पा, मु. उदगीर." वेलांट्या, मात्रा, सगळं कसं ओळीत. हैदराबादच्या तालमीत अठरा वर्षं पगारावर कुस्त्या खेळलेला माणूस असं लिहितो? साऱ्या बाया तुमच्या दंडाकडं बघून राहिल्या होत्या आणि मी त्या पानाकडं. उदगीरच्या मठात स्वामींनी छड्या मारून अक्षर वळवलं, असं तुम्ही नंतर सांगितलंत. मी आधी त्या अक्षराला भुलले, हे आज पहिल्यांदा सांगते. फुगू नका.

आता मुद्द्याचं. बसवअण्णांनी माझ्यासाठी स्थळ आणलं आहे. धर्माबादचे महादेवप्पा, अण्णांच्या अडत दुकानाच्या शेजारचे. बायको वारून वर्ष झालं, तीन लेकरं आहेत. अण्णा म्हणाले, "बारा वर्षं विधवा बहिणीला घरात ठेवलं, कधी उणा शब्द बोललो का? आता चांगलं होत असताना नाही म्हणू नको." ते बोलले नाहीत हे खरं आहे. म्हणूनच मला त्यांच्यापुढं तोंड उघडता येईना. पाडव्यापर्यंत मुदत दिली आहे.

तुमचं नाव मी घेतलं नाही. ते तुम्ही येऊन सांगायचं. लातूर जिल्हा झाला, नव्या जिल्ह्याला कुस्तीचा मार्गदर्शक लागणार, ती नोकरी लागली की अण्णांपुढं ताठ मानेनं येतो, असं म्हणून तुम्ही ऑगस्टात गेलात. नोकरी लागो न लागो, पाडव्याच्या आत या. मी पस्तीस वर्षांची आहे, मला दुसरी संधी येणार नाही आणि मला ती धर्माबादला नको आहे.

पाण्याचे लई हाल आहेत. शाळेची विहीर दिवाळीतच आटली. लेकरं घरून बाटलीत पाणी आणतात आणि दुपारपर्यंत बाटली उराशी धरून बसतात. तुमच्या आखाड्यातली माती भेगाळली. ताक-हळद तर सोडाच, तिच्यावर शिंपडायला तांब्याभर पाणी कुणी देईना.

तुमची,
नीलम्मा

ता. क. हेडमास्तरांसकट तिघांना न उघडलेली लोणच्याची बरणी तुम्ही एका हातानं उघडून दिली होती, ती अजून माझ्या वर्गातल्या कपाटात आहे. लोणचं कधीच संपलं.

*

लातूर
ता. १९ जानेवारी १९८३

नीलम्मा यांना विरूपाक्षचा शरणार्थ.

पत्र मिळालं. थंडीनं हात आखडतो म्हणून अक्षर असं. पेनबी टुकार हाय. दुसरं काही न्हाई. परेशान होऊ नका.

नोकरीचं अजून काही न्हाई. समदी ऑफिसं भाड्याच्या घरात. खेळाच्या ऑफिसाची खोली सापडायला मला आठ दिवस लागले. तिथं एक साहेब, एक टेबल आन् फुटबॉलचं पोतं हाय. साहेब म्हणतात, आधी दुष्काळाचं बघू, मंग कुस्तीचं.

मी इथल्या मठाच्या ओसरीवर राहतो. गल्लीवाल्यांनी मला टँकरच्या रांगेवर उभं केलंय. बाया भांडल्या की मधी जायचं. 'कुलूप पहिलवान' म्हणायचे मला हैदराबादेत, एकदा मनगट धरलं की सुटायचं न्हाई म्हणून. आता घागरी सरळ लावून राहिलो. हसा खुशाल.

धर्माबादचं स्थळ वाईट न्हाई. तीन लेकरं हायेत तर तुम्हाला बरंच. तुम्हाला लेकरं आवडतात.

पाडव्याला यायचं बघतो. नक्की सांगता येत न्हाई.

थंडी हाय. लई लिहवत न्हाई.

विरूपाक्ष

*

उमरी
ता. १४ फेब्रुवारी १९८३

पहिलवान यांना शरणार्थ.

"लेकरं आवडतात." वा रे पहिलवान! मला काय धर्माबादच्या बालवाडीत नेमणूक मिळून राहिली का? मी तुम्हाला विचारलं काय आणि तुम्ही बोलता काय. पत्र फाडून टाकणार होते. मग त्यातल्या ओळी खाली खाली घसरत गेलेल्या दिसल्या आणि फाडवेना.

थंडी आता सरली. आता तरी खरं सांगा. मानेचं काय आहे? भोकरच्या जत्रेत तुम्ही डोक्यावर आपटलात आणि त्याच साली कुस्ती सोडली, हे मला तुमच्या शिष्यांनी सांगितलं. तुम्ही मात्र "वय झालं" म्हणालात. उमरीत असताना एकदा मागं वळून बघायला गेलात आणि भिंत धरलीत, ते मी पाहिलं होतं. विचारलं तर म्हणालात, भिंतीला चुना बरा लागलाय का बघत होतो. माणसानं खोटं बोलावं तर जरा बरं बोलावं.

शिवरात्रीला महादेवप्पा लेकरांना घेऊन आमच्याकडं आले होते. माणूस वाईट नाही. फारसे बोलत नाहीत. अण्णांनी मला विचारलं, मी म्हटलं विचार करून सांगते. बस, एवढंच झालं.

पाडवा चौदा एप्रिलला आहे. बरोबर दोन महिने उरले. मला भीती वाटून राहिली पहिलवान, आणि ती लिहायची लाज वाटत नाही. तुम्ही आला नाहीत तर मी त्या घरात जाईन, सगळ्यांचं नीट करीन, आणि कुणाला काही कळणार नाही. मला तसं जगता येतं, बारा वर्षं तेच केलं. म्हणून तर भीती वाटते.

या हो.

नीलम्मा

*

प्रति,
मा. नीलम्मा, सहशिक्षिका,
प्राथमिक शाळा, उमरी, जि. नांदेड.

अर्जदार : विरूपाक्ष नागप्पा, वय ४३, धंदा माजी पहिलवान, हल्ली मुक्काम लातूर.
दिनांक : ७ मार्च १९८३

विषय : मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदया,

वरील विषयी विनंती अर्ज सादर करण्यात येतो की, आपली दि. ५ जानेवारी व दि. १४ फेब्रुवारी रोजीची पत्रे अर्जदारास पोहोचली असून मजकूर समजला. अर्जदाराची प्रकृती उत्तम आहे. तथापि दुष्काळी परिस्थितीमुळे नोकरीच्या मंजुरीस विलंब होत असल्याने अर्जदार पाडव्यापूर्वी उमरी येथे समक्ष हजर राहू शकत नाही. सबब आपल्या बंधूंनी दिलेली मुदत मृगापर्यंत वाढवून मिळावी.

अर्जदारास आपली आठवण येते. सदर बाब दररोज टँकर येण्यापूर्वी व गेल्यानंतर घडते.

मानेबाबत आपण केलेली विचारणा गैरसमजातून झालेली आहे.

हा अर्ज मिळाल्यापासून पंधरा दिवसांत आपले म्हणणे न आल्यास आपणास काही म्हणावयाचे नाही असे समजून प्रकरण कायमचे निकाली काढण्यात येईल, याची नोंद घ्यावी.

कळावे.

निशाणी डावा अंगठा
विरूपाक्ष नागप्पा

बिकलम : नरसिंग, अर्जनवीस,
कलेक्टर कचेरीसमोर, लिंबाखाली, लातूर

*

उमरी
ता. १६ मार्च १९८३

विरूपाक्ष यांना,

तुमचा अर्ज मिळाला. मला मिळायच्या आधी हेडमास्तरांना मिळाला. लांब पाकीट, 'सहशिक्षिका' असा हुद्दा, आत विषय, त्यांना वाटलं सरकारी टपाल. त्यांनी फोडलं. शिपायानं शिक्का मारला आणि रजिस्टरला चढवलं. आवक क्रमांक एकेचाळीस! तुम्हाला माझी आठवण कधी कधी येते, ते आता उमरीच्या शाळेच्या दप्तरी आहे. हेडमास्तर भले माणूस, कागद उलटा करून माझ्या हातात दिला आणि दोन दिवस माझ्याकडं बघितलं नाही. पण शिपायाच्या घरून गोष्ट गावात गेली आणि गावातून अण्णांकडं.

अण्णा धर्माबादहून आले. बारा वर्षांत बोलले नव्हते ते सगळं एका दमात बोलले. मी ऐकून घेतलं. ते म्हणाले, "ज्याला तुझ्यासाठी चार ओळी स्वतः लिहवेनात, त्याच्यासाठी तू माझं नाक कापून राहिलीस?" तुम्हीच सांगा, त्यांचं काय चुकलं?

आपल्या दोघांतलं तुम्ही लिंबाखाली बसलेल्या परक्या माणसाला सांगितलंत. वर अंगठा! सातवी शिकलेला, मोत्यासारखं अक्षर असलेला माणूस मला अंगठा लावून पाठवतो? माझी चेष्टा केलीत का? का माझ्यासाठी स्वतःचं नाव लिहायचीही तकलीफ नको? आणि मला पंधरा दिवसांची नोटीस? मी काय तुमच्या जमिनीचं कुळ आहे?

माझी एकच अट आहे. आता अर्जनविसाचा कागद नको. तुमच्या हातचं एक अक्षर पाठवा. ओळ नको, शब्द नको, एकच अक्षर. ते आलं तर पुढचं बोलू. नाही आलं तर पाडव्याला मी हो म्हणते आणि तुम्ही प्रकरण निकाली काढा.

नीलम्मा

*

लातूर
ता. २७ मार्च १९८३

नीलम्मा यांना विरूपाक्षचा शरणार्थ.

माझ्या हातचं अक्षर येणार न्हाई. मला उमरीला यायचं न्हाई. लातूरला माझं मन रमलं हाय. धर्माबादचं स्थळ चांगलं हाय, तुम्ही हो म्हणा. माझी वाट बघू नका आन् मला लिहू नका.

निशाणी डावा अंगठा
विरूपाक्ष नागप्पा

बिकलम : नरसिंग, अर्जनवीस. वरील मजकूर अर्जदाराने सांगितला तसा लिहिला. तो खोटा आहे.

ताई, पुढचं मी कागदाच्या मागच्या अंगाला माझ्या मनानं लिहितो. पहिलवानांना माहीत न्हाई. ते अंगठ्याची शाई धुवायला गेलेत, आन् पाणी न्हाई म्हणून मातीत पुसून राहिलेत.

आधी माझी माफी. ते पंधरा दिवसांचं वाक्य पहिलवानांनी सांगितलं नव्हतं. तेवीस वर्षं अर्ज अन् नोटिसा लिहितो, पहिल्यांदा उदगीरच्या तहसिलीपुढं, आता जिल्हा झाला म्हणून इथं. कागद संपत आला की हात आपोआप ते वाक्य लिहितो. टँकर मागणाऱ्याच्या अर्जातबी जातं, जनावरांच्या छावणीच्या अर्जातबी जातं. पाकिटावर हुद्दा घालायचीबी तीच खोड. कागद यांच्या हातात ठरत न्हाई म्हणून तुमचं पत्र मी वाचून दाखवत होतो, आवक क्रमांकापाशी माझी जीभ अडकली. तुमचं मन मोडायचं पाप माझ्या बोटांनी केलं.

दुसरं. अंगठा चेष्टेचा न्हाई. यांचा उजवा हात दिवाळीपासून मरत चाललाय. आधी बोटं मुंग्या आल्यासारखी, मंग गारठल्यासारखी. पहिली दोन पत्रं यांनी कशी लिहिली देव जाणे. टँकरवर एका म्हातारीची घागर उचलून द्यायला गेले, घागर हातातून निसटली. भरलेली घागर ताई, या दिवसांत! म्हातारी नुसती ओल्या मातीकडं बघत बसली. त्या दिवशी माझ्याकडं आले आन् म्हणाले, "नरसिंग, एक अर्ज लिहायचा हाय. कुणाला सांगशील तर गळा दाबीन." मी म्हटलं, पहिलवान, कोणत्या हातानं? लई हसले, मंग रडले.

डॉक्टर म्हणतात, मानेच्या मणक्यात नस दबली. हैदराबादला जा, उशीर केला तर पायबी जातील. जात न्हाईत.

आता डावा हातबी कापतो. मी तुमच्यातला न्हाई, पण मठाच्या ओसरीवर बसून बघितलंय, तुम्ही लोक गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवून पूजा करता. मागच्या सोमवारी ते यांच्या तळहातावरून फरशीवर पडलं. त्या आवाजानं यांचा चेहरा जो झाला तो मला सांगता येणार न्हाई. स्वामी म्हणाले, दोष शरीराचा आहे, तुझा न्हाई. पण यांनी मनाला लावून घेतलं. पूजा झाल्याबगर हे पाणीबी घेत न्हाईत, आन् पूजा करायला हात धजत न्हाई. एक दिवस स्वामींनी स्वतःचा हात खाली धरला, तवा जेवले. रोज कसं सांगायचं म्हणून लाजतात. दोन दोन दिवस उपाशी असतात. गडी निम्मा झालाय.

तुम्ही एक अक्षर मागितलंत. यांनी पेन दोन्ही हातांत धरून, छातीनं दाबून तीन कार्डं खराब केली. तिसरं फाटलं. मंग म्हणाले, "लिही, मला यायचं न्हाई." मी म्हटलं, खोटं काहून सांगता? म्हणाले, "तिनं अक्षर बघून जीव लावला. तेच गेलं. आता तिनं काय माझं हागणं-मुतणं काढायचं का? तिला लेकराबाळांचं घर मिळून राहिलं, मिळू दे."

कुणाला सांगू नको म्हणाले होते, ते मी मोडलं. जे व्हायचं ते होवो.

सोबत : कार्डं तीन.

*

उमरी
ता. ६ एप्रिल १९८३

पहिलवान यांना नीलम्माचा शरणार्थ.

हे पत्र नरसिंगभाऊंनी वाचून दाखवायचं आहे. त्यांच्यावर रागावायचं नाही, गळाबिळा दाबायचा नाही.

तीन कार्डं मिळाली. पहिल्यावर एक उभी रेघ आहे, वरून खाली येताना दोनदा थांबलेली. दुसऱ्यावर रेघेच्या डाव्या अंगाला गाठ मारायचा प्रयत्न आहे. तिसऱ्यावर वर वेलांटी चढवायला गेलात आणि कागद फाटला. तो 'नी' आहे. बाकी कुणाला ओरखडे दिसतील, पण मी चौदा वर्षं पहिलीचा वर्ग सांभाळते. हात वळायच्या आधीचं अक्षर मला वाचता येतं. तुमच्या हातचं एक अक्षर मागितलं होतं, ते आलं. माझी अट पुरी झाली.

माय गं, मी काय काय लिहिलं तुम्हाला! कुळ काय, नोटीस काय. अंगठा बघून मला माझा अपमान तेवढा दिसला. त्या अंगठ्यामागं हात आहे, हात असा का झाला असेल, हे एकदाही मनात आलं नाही. तुमच्या ओळी घसरत होत्या, मला दिसत होतं, आणि मी चेष्टा करून राहिले होते. मला झोडपून काढावं असं वाटतं.

पण तुम्हीही कमी नाहीत. थंडी म्हणे! लातूरची थंडी मार्चपर्यंत टिकली का? माझ्यासाठी काय चांगलं ते तुम्ही एकट्यानं ठरवलंत, मला विचारलंत का? अण्णांनीही विचारलं नाही, तुम्हीही नाही. दोघांनाही माझी लई काळजी. तुमच्या काळजीनं मी मरून जाईन एक दिवस.

आता माझं खोटं ऐका. शिवरात्रीला "विचार करून सांगते" म्हटलं असं मी लिहिलं, ते खरं नाही. मी त्याच दिवशी हो म्हटलं होतं. नारळ ओटीत घेतला. अक्षय तृतीयेची तारीख ठरली. तुम्हाला आलेलं चौदा फेब्रुवारीचं माझं पत्र म्हणजे होकार दिल्यावर लिहिलेलं पत्र होतं. वाटलं, तुम्ही याल आणि मला त्यातून ओढून काढाल, मला स्वतःला काही करावं लागणार नाही. घाबरट आहे मी.

म्हणून परवा मी स्वतः रेल्वेनं धर्माबादला गेले. महादेवप्पांच्या दुकानात उभी राहून नारळ परत केला. म्हटलं, चूक माझी आहे, मी शब्द द्यायला नको होता. त्यांनी नारळ घेऊन गल्ल्यावर ठेवला. मग म्हणाले, "उन्हातून आलात, पाणी घ्या." धर्माबादेत पाण्यावरून माणसं भांडून राहिलीत आणि त्यांनी तांब्याभर पाणी पुढं केलं. तिथं मला रडू आलं. त्या माणसाचं भलं होवो.

अण्णा म्हणाले, "तुझी वाट तुला मोकळी आहे, माझं दार बंद आहे." मी पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतले.

पाडव्याच्या दिवशी सकाळच्या रेल्वेनं नांदेडला येते, तिथून एस.टी.नं लातूर. नरसिंगभाऊ, माझ्या बदलीचा अर्ज तयार ठेवा, नांदेड जिल्ह्यातून लातूर जिल्ह्यात. त्यात तेवढं पंधरा दिवसांचं वाक्य घालू नका, साहेब खरंच निकाली काढतील.

पहिलवान, हैदराबादच्या डॉक्टरांकडं आपण जाणार आहोत. ते काय सांगतील मला माहीत नाही. पाय जातील का, हात येईल का, काही माहीत नाही. मला लई भीती वाटते. पण इथं बसून वाटणारी भीती मला आता नको.

मी येईपर्यंत रोज स्वामींचा हात घ्या आणि जेवा. लाजू नका. हे मी मागत नाही, सांगते.

नीलम्मा

*

लातूर
ता. १८ मे १९८३

ती. बसवराजअण्णा यांना विरूपाक्षचा शरणार्थ.

हे पत्र मी सांगतो आन् दुसरं माणूस लिहितं, त्याचा राग धरू नका. मला लिहिता येत न्हाई. अठरा वर्षांत मी आखाड्यात कुणाला पाठ दाखवली न्हाई, पण तुमच्या दाराला दाखवली. दिवाळीतच येऊन तुमच्यापुढं बसायला पायजे होतं. तुमच्या बहिणीचं नाव गावात झालं ते माझ्या भित्रेपणानं झालं, तिच्यामुळं न्हाई. तेवढा दोष माझ्याकडं घ्या.

मठात स्वामींनी आमचं लग्न लावलं. साक्षीला नरसिंग होता. तुमच्या जागेवर एक पाट रिकामा ठेवला होता.

हैदराबादला जाऊन आलो. डॉक्टर म्हणतात, मानेचं ऑपरेशन केलं तर आहे तिथं थांबेल, गेलेलं परत येईल असं सांगता येत न्हाई. कदाचित थांबणारबी न्हाई. जून महिन्यातली तारीख दिली. डावा पाय आता चालताना घासतो. हे तुमच्या बहिणीला समदं माहीत हाय. मी चारदा सांगितलं, परत जा. चौथ्यांदा तिनं मला वर्गातल्या पोरासारखं कोपऱ्यात बसवलं.

बदलीचं अजून झालं न्हाई. ती बिनपगारी रजेवर हाय. पहाटं येरवाळीच टँकरच्या रांगेत उभी राहते, आन् मी ओट्यावर बसून रांग सांभाळतो. बाया माझं ऐकत न्हाईत, तिचं ऐकतात.

एक गोष्ट सांगायची म्हणून हे पत्र. तुम्ही आपल्या लोकांतले, तुम्हाला कळंल. पूजेला ती माझ्या डाव्या अंगाला बसते. आधी तिचा तळहात, त्याच्यावर माझा, त्याच्यावर लिंग. पहिल्या दिवशी माझा हात इतका कापला की तिचाबी कापायला लागला. मी म्हटलं, ठेव, आपल्याच्यानं होत न्हाई. ती म्हणाली, "कापू द्या. दोन हात हायेत, पडणार न्हाई." पडलं न्हाई. त्या दिवसापासून मी रोज जेवतो. एवढं तुम्हाला कळावं असं वाटलं, कारण तुम्ही बारा वर्षं तिला जेवू घातलं.

हे लिहिताना तिनं दोनदा डोळे पुसले. लिहू नको म्हणते, मी लिही म्हणतो.

दार उघडा असं मी म्हणत न्हाई. या पत्रावर तुमचं म्हणणं पंधरा दिवसांत न आलं, महिन्यात न आलं, वर्षात न आलं, तरी आम्ही प्रकरण निकाली काढणार न्हाई. वाट बघू.

निशाणी डावा अंगठा
विरूपाक्ष नागप्पा

बिकलम : नीलम्मा. वरील मजकूर यांनी सांगितला तसा लिहिला. तो खरा आहे, अण्णा.